ॲड्रिनल थकली, असे सांगतात तेव्हा

‘ॲड्रिनल फटीग’, म्हणजे ताणाने ॲड्रिनल ग्रंथी थकल्याच्या, निदानाबद्दल विचारणा करणारी पत्रे या सदराकडे सातत्याने येत असल्याने या अंकात त्याच विषयावरील सहा पत्रांना उत्तरे दिली आहेत. पत्रे संक्षिप्त केली असून पत्रलेखकांची नावे गाळली आहेत.

प्रश्न : मी ३८ वर्षांचा असून पुण्यात एका माहिती-तंत्रज्ञान कंपनीत काम करतो. अमेरिकेतील ग्राहकांबरोबरच्या बैठकांमुळे रात्री दीड-दोनपर्यंत जागावे लागते. गेले आठ-नऊ महिने सकाळी उठताना अंगात त्राण नसते, दुपारी तीननंतर डोके चालत नाही आणि रात्री मात्र झोप उडते. एका ‘वेलनेस’ सल्लागाराने दिवसातून चार वेळा लाळेचे नमुने घेऊन ‘ॲड्रिनल फटीग, तिसरा टप्पा’ असे निदान केले आणि दरमहा सात-आठ हजार रुपयांच्या गोळ्या सुरू केल्या. माझ्या नेहमीच्या डॉक्टरांनी असा आजारच नाही, एवढे सांगून विषय संपवला. दोघांपैकी खरे कोणाचे?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आपल्या डॉक्टरांचे विधान बरोबर आहे, परंतु विषय तेथेच संपवणे बरोबर नव्हते. आपला थकवा खरा आहे आणि त्याचे कारण शोधणे हे डॉक्टरांचेच काम आहे. ते काम अर्धवट राहिले की रुग्ण अशा सल्लागारांकडे वळतो, हे आम्ही डॉक्टरांनीही मान्य केले पाहिजे.

ॲड्रिनल, म्हणजेच अधिवृक्क ग्रंथी, दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर असतात आणि प्रत्येकीचे वजन जेमतेम चार-पाच ग्रॅम भरते. ग्रंथीच्या गाभ्यातून ॲड्रिनॅलिन स्रवते, तर बाहेरच्या थरातून कॉर्टिसॉल, मिठाचे प्रमाण सांभाळणारे अल्डोस्टेरॉन आणि काही लैंगिक संप्रेरके तयार होतात. कॉर्टिसॉल किती तयार करायचे हे ग्रंथी स्वतः ठरवत नाही. मेंदूतील हायपोथॅलॅमस पीयूषिका ग्रंथीला आणि पीयूषिका ॲड्रिनलला संदेश पाठवते, आणि रक्तातील कॉर्टिसॉल पुरेसे झाले की हे संदेश आपोआप कमी होतात. निरोगी माणसाच्या शरीरात दिवसाला साधारण १० ते १५ मिलिग्रॅम कॉर्टिसॉल तयार होते, मात्र गंभीर जंतुसंसर्गात किंवा मोठ्या शस्त्रक्रियेत तीच ग्रंथी कित्येक पटींनी अधिक कॉर्टिसॉल देते आणि संकट टळल्यावर पुन्हा पूर्वपदावर येते.

दीर्घकाळच्या ताणाने ही ग्रंथी झिजून रिकामी होते, ही कल्पना ‘ॲड्रिनल फटीग’ या नावाने जेम्स विल्सन या अमेरिकी निसर्गोपचारक आणि कायरोप्रॅक्टरने (मणक्यांची हाताने हालचाल करून उपचार करणाऱ्याने) १९९८ मध्ये मांडली. तिच्या समर्थनासाठी अनेकदा हान्स सेल्ये या शास्त्रज्ञाचा आधार घेतला जातो. सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून ताणाला शरीराचा प्रतिसाद कसा असतो याची मांडणी केली, आणि पुढे त्यांनी सांगितलेल्या तीन अवस्थांपैकी शेवटची अवस्था ‘शक्तिक्षयाची’ होती, हे खरे आहे. तथापि त्या उंदरांच्या ॲड्रिनल ग्रंथी आकसलेल्या नव्हत्या, उलट त्या मोठ्या झालेल्या आढळल्या होत्या. ज्या प्रयोगाची साक्ष काढली जाते, त्यातील हा तपशील ‘ॲड्रिनल फटीग’वरील माहितीपत्रकांत सहसा दिसत नाही.

ब्राझीलमधील कादेजानी आणि काटेर या दोन संशोधकांनी २०१६ मध्ये या विषयावरील ५८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत थकलेल्या व्यक्तींच्या कॉर्टिसॉलचे मोजमाप निरनिराळ्या पद्धतींनी केलेले होते, निष्कर्ष परस्परविरोधी होते, आणि थकवा व ॲड्रिनलची कार्यक्षमता कमी होणे यांचा संबंध सिद्ध होईल असा पुरावा मिळाला नाही. अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञांची अमेरिकेतील मोठी संस्था असलेल्या एंडोक्राइन सोसायटीचीही भूमिका हीच आहे, आणि या नावाखाली उपचार घेत राहिल्यास थकव्याचे खरे कारण लपून राहते, असा इशारा ती देते.

आता आपल्या लाळेच्या अहवालाविषयी. लाळेतील कॉर्टिसॉल मोजणे ही मुळात खोटी तपासणी नाही. कुशिंग या आजारात कॉर्टिसॉल अवाजवी वाढते, आणि त्याच्या शोधासाठी रात्री उशिरा घेतलेल्या लाळेची तपासणी आम्हीही करतो. परंतु चार नमुन्यांच्या आलेखावरून ‘पहिला, दुसरा, तिसरा टप्पा’ ठरवण्याला कोणताही मान्य निकष नाही. कॉर्टिसॉल पहाटेपासून वाढू लागते, जाग आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात शिखर गाठते, दुपारनंतर उतरते आणि मध्यरात्रीच्या सुमारास सर्वांत कमी असते. हे चक्र मेंदूतील घड्याळ चालवते आणि ते घड्याळ झोपेच्या वेळा व प्रकाश यांवर जुळवून घेते. जो माणूस रात्री अडीचला झोपून सकाळी साडेनऊला उठतो, आणि शनिवार-रविवारी कुटुंबासाठी पुन्हा सातला उठतो, त्याच्या लाळेचे नमुने सकाळी आठ, दुपारी बारा अशा ठरावीक वेळांना घेतले, तर आलेख सपाट किंवा उलटा दिसणारच. तो आलेख आपल्या वेळापत्रकाची अवस्था सांगतो. ग्रंथीच्या क्षमतेविषयी त्यातून काहीच कळत नाही.

ताणाचा शरीरावर परिणाम होतच नाही, असा याचा अर्थ कृपया काढू नये. दीर्घ ताण आणि अपुरी झोप यांमुळे रक्तदाब, रक्तातील साखर, पोटाभोवतीची चरबी, भूक, स्मरणशक्ती आणि मनःस्थिती या सर्वांवर परिणाम होतो. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०१९ मध्ये ‘बर्नआउट’ला आजार म्हणून नव्हे, पण कामाशी निगडित स्थिती म्हणून आपल्या वर्गीकरणात स्थान दिले. या सर्व परिणामांत ॲड्रिनल ग्रंथी आपले काम नीट करत असते.

आपल्यासाठी माझी सूचना अशी की, प्रथम हिमोग्लोबिनसह रक्ताची संपूर्ण गणना, फेरिटिन (शरीरातील लोहाचा साठा), ब-१२ जीवनसत्त्व, थायरॉइडची टीएसएच, तीन महिन्यांची सरासरी साखर, क्रिएटिनिन, यकृताच्या चाचण्या आणि सोडियम-पोटॅशियम एवढे तपासून घ्यावे. ब-१२ चा उल्लेख मुद्दाम करतो. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने पुणे परिसरातील मध्यमवयीन पुरुषांची पाहणी करून २००६ मध्ये जे निष्कर्ष प्रसिद्ध केले, त्यांत सुमारे दोन-तृतीयांश पुरुषांमध्ये या जीवनसत्त्वाचे प्रमाण कमी आढळले होते. शाकाहारी व्यक्तींनी, आणि मधुमेहासाठी अनेक वर्षे मेटफॉर्मिन घेणाऱ्यांनी, ही तपासणी टाळू नये. आपण घोरत असाल, झोपेत श्वास अडखळतो असे पत्नीने सांगितले असेल, किंवा गाडी चालवताना डुलकी लागत असेल, तर झोपेची तपासणी करून घ्यावी, कारण झोपेत श्वास थांबण्याचा विकार तिशी-चाळिशीतील पुरुषांत सर्रास दुर्लक्षित राहतो. मन उदास असणे, कशातच रस न वाटणे हीही थकव्याचीच रूपे असू शकतात आणि त्यांवर परिणामकारक उपचार उपलब्ध आहेत.

हे सर्व अहवाल चांगले आले, तर उपचाराचा रोख झोपेकडे वळवावा लागेल. उठण्याची वेळ सुट्टीच्या दिवशीही एकच ठेवावी, उठल्यावर अर्धा तास उजेडात चालावे आणि दुपारी तीननंतर कॉफी घेऊ नये, कारण तिचा निम्मा अंश पाच-सहा तासांनंतरही शरीरात शिल्लक असतो. रात्रीच्या बैठका आठवड्यातून काही दिवसांपुरत्या मर्यादित करण्याविषयी कार्यालयाशी बोलणे कठीण असते याची मला कल्पना आहे, तरी या यादीत सर्वाधिक उपयोगाचे तेच ठरण्याचा संभव आहे.

प्रश्न : मी ४६ वर्षांची शिक्षिका आहे. थकव्यासाठी इंटरनेटवरून मागवलेल्या ‘ॲड्रिनल सपोर्ट’ गोळ्या पाच महिन्यांपासून घेते. सुरुवातीला फार तरतरी वाटली. आता छातीत धडधडते, पायांवर सूज येते आणि पूर्वी कधीही नसलेला रक्तदाब १५०/९६ निघाला. डबीवर ज्येष्ठमध, अश्वगंधा आणि ‘बोव्हाइन ॲड्रिनल’ असे लिहिले आहे. सर्व नैसर्गिक असल्याने अपाय नाही, असे विक्रेत्याचे म्हणणे आहे. मी शाकाहारी आहे.
— एक वाचक, सांगली

उत्तर : शेवटच्या वाक्यापासून सुरुवात करतो. ‘बोव्हाइन ॲड्रिनल’ म्हणजे गोवंशीय जनावराच्या ॲड्रिनल ग्रंथीची वाळवून केलेली भुकटी. विक्रेत्याने हे आपल्याला सांगितले नाही, यावरून त्याच्या बाकीच्या आश्वासनांचे मोल आपण ठरवावे.

अशा गोळ्यांमध्ये काय असते, याची अमेरिकेत केलेली एक तपासणी मेयो क्लिनिकच्या नियतकालिकात २०१८ मध्ये प्रसिद्ध झाली. बाजारातील १२ ‘ॲड्रिनल सपोर्ट’ उत्पादनांचे पृथक्करण केले असता सर्वच्या सर्व गोळ्यांत थायरॉइडचे टी-३ हे संप्रेरक सापडले आणि निम्म्याहून अधिक उत्पादनांत किमान एक स्टेरॉइड संप्रेरकही होते. डबीवर त्याचा उल्लेख नव्हता. सुरुवातीची तरतरी आणि आताची धडधड या दोन्हींचा उलगडा यातून होऊ शकतो. आपल्या डबीत हेच आहे असे तपासणीशिवाय म्हणता येणार नाही, पण शंका घेण्यास पुरेसे कारण आहे.

ज्येष्ठमधाची बाब तर अधिक स्पष्ट आहे. घसा बसल्यावर ज्येष्ठमधाची काडी चघळणे निराळे आणि त्याचा अर्क महिनोन्महिने रोज घेणे निराळे. त्यातील ग्लिसरायझिन हे द्रव्य मूत्रपिंडातील एका एन्झाइमला रोखते. हे एन्झाइम एरवी कॉर्टिसॉलला मिठाच्या संप्रेरकाची, म्हणजे अल्डोस्टेरॉनची, जागा घेऊ देत नाही. तो अडसर निघाला की शरीर मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते, रक्तदाब चढतो, पाय सुजतात आणि पोटॅशियम फार उतरल्यास हृदयाचे ठोके अनियमित होतात. आपली तिन्ही लक्षणे या वर्णनात बसतात. अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या आणि थायरॉइडची पातळी वाढल्याच्या नोंदी वैद्यकीय साहित्यात आहेत, आणि डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. आयुर्वेदात या दोन्ही वनस्पतींचे स्थान मोठे आहे, परंतु प्रकृती पाहून, मात्रा आणि मुदत ठरवून वैद्याने दिलेले औषध आणि इंटरनेटवरून आलेली डबी यांत फरक करावाच लागेल.

आपण या आठवड्यातच डॉक्टरांकडे जावे, डबी बरोबर न्यावी आणि पोटॅशियम, हृदयाचा आलेख, टीएसएच व टी-३ आणि सकाळी आठच्या सुमारासचे कॉर्टिसॉल तपासून घ्यावे. गोळ्या बंद करायच्याच आहेत, पण त्यांत स्टेरॉइड असण्याची शक्यता धरून त्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली बंद कराव्यात. त्याचे कारण पुढील पत्राच्या उत्तरात आले आहे. केसांसाठी बायोटिनच्या गोळ्या घेत असाल, तर तपासणीआधी दोन-तीन दिवस त्या थांबवाव्यात, कारण त्यांमुळे थायरॉइड आणि कॉर्टिसॉल या दोन्हींचे आकडे चुकीचे येऊ शकतात. गर्भनिरोधक किंवा इस्ट्रोजेनच्या गोळ्या चालू असल्यास तेही सांगावे, कारण त्यांमुळे कॉर्टिसॉल प्रत्यक्षापेक्षा जास्त दिसते.

मूळ थकव्याविषयी एवढेच लिहितो की, आपल्या वयात पाळी अनियमित आणि अंगावर जास्त जाण्याचा काळ सुरू होतो. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के भारतीय स्त्रिया रक्तक्षयी आढळल्या आणि महाराष्ट्रातील प्रमाणही निम्म्याच्या वर आहे. पाच महिन्यांत आपले हिमोग्लोबिन कोणी तपासले का, याचा उल्लेख पत्रात नाही.

प्रश्न : माझ्या आईचे वय ६२. गुडघेदुखीसाठी ती दोन वर्षे एका गावच्या औषधवाल्याकडून पुड्या घेत होती. दुखणे पूर्ण थांबले होते. चेहरा गोल झाला, वजन वाढले, कातडीवर सहज काळे-निळे डाग पडू लागले, म्हणून आम्ही पंधरा दिवसांपूर्वी पुड्या एकदम बंद केल्या. आता ती अंथरुणाला खिळली आहे, जेवण जात नाही, उलट्या होतात, उभे राहिले की भोवळ येते. शेजाऱ्यांच्या मुलाने मोबाईलवर पाहून हा ‘ॲड्रिनल फटीग’ असल्याचे सांगितले. विश्रांतीने बरे वाटेल का?
— एक वाचक, लातूर जिल्हा

उत्तर : विश्रांतीची वाट पाहू नये. हे पत्र मिळताच आपल्याला वेगळे उत्तर पाठवून आईंना त्याच दिवशी रुग्णालयात दाखल करण्यास कळवले आहे. येथे उत्तर छापण्याचे कारण एवढेच की, असे रुग्ण जागोजागी आहेत.

दुखणे चमत्कार वाटावा इतके थांबवणाऱ्या पुड्यांत बहुधा डेक्सामेथासोन किंवा प्रेडनिसोलोन यांसारखे, कॉर्टिसॉलसारखेच काम करणारे स्टेरॉइड असते. बाहेरून भरपूर स्टेरॉइड मिळू लागले की पीयूषिका ग्रंथी ॲड्रिनलला संदेश पाठवणे थांबवते आणि काही महिन्यांत ॲड्रिनलचा बाहेरचा थर आकसतो. पुडी एकदम बंद झाली, की बाहेरचे कॉर्टिसॉलही नाही आणि आतलेही नाही, अशी स्थिती येते. खोकला-तापासारखे किरकोळ निमित्त झाले तरी रक्तदाब कोसळून जिवाला धोका होऊ शकतो. ग्रंथीचे काम खरोखर बंद पडलेले असते ते असे, आणि ते ताणामुळे नव्हे तर औषधामुळे. आपल्या देशात ॲड्रिनलच्या अकार्यक्षमतेचे हे एक फार मोठे कारण आहे.

रुग्णालयात हायड्रोकॉर्टिसोनचे (औषधरूपातील कॉर्टिसॉलचे) १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन आणि शिरेतून सलाईन हा पहिला उपचार असतो आणि तपासणीच्या अहवालासाठी तो थांबवायचा नसतो. पुढे कमी मात्रेची गोळी देऊन ती काही आठवड्यांत किंवा महिन्यांत उतरवली जाते. सकाळच्या कॉर्टिसॉलचे प्रमाण प्रति डेसिलिटर १० मायक्रोग्रॅमच्या वर गेले, की ग्रंथी सावरली असे साधारणपणे मानतात. काही रुग्णांत याला वर्षही लागते. गुडघ्यांसाठी अस्थिरोगतज्ज्ञाचा सल्ला स्वतंत्रपणे घ्यावा, कारण स्टेरॉइड उतरत असताना दुखणे परत येईल आणि आईंना पुन्हा त्या पुडीची आठवण होईल.

दमा, संधिवात किंवा त्वचारोगासाठी डॉक्टरांनी लिहून दिलेले स्टेरॉइड घेणाऱ्या वाचकांनी मात्र हे वाचून घाबरून औषध सोडू नये. तीन-चार आठवड्यांहून अधिक काळ घेतलेले स्टेरॉइड स्वतःच्या मनाने थांबवायचे नाही, एवढे पाळावे. गोरेपणासाठी वा गजकर्णासाठी दुकानातून परस्पर घेतलेल्या मलमांतही तीव्र स्टेरॉइड असू शकते आणि मोठ्या भागावर महिनोन्महिने लावल्यास त्याचाही ग्रंथीवर असाच परिणाम होतो.

प्रश्न : माझा मुलगा २९ वर्षांचा आहे. सहा महिन्यांत त्याचे वजन नऊ किलोने घटले. तो सतत दमलेला असतो, लोणचे आणि मीठ नुसते खातो, आणि उन्हात न जाताही काळवंडला आहे. हिरड्यांवरही काळे डाग दिसतात. कामाच्या ताणाने ॲड्रिनल थकली असेल, असे त्याला वाटते आणि म्हणून तो गोळ्या घेतो.
— एक आई, जळगाव

उत्तर : त्याला उद्याच फिजिशियनकडे किंवा अंतःस्रावी ग्रंथींच्या तज्ज्ञाकडे न्यावे. मधेच उलट्या, पोटदुखी, गुंगी किंवा तीव्र भोवळ सुरू झाल्यास थेट रुग्णालयात न्यावे. आपण लिहिलेले वर्णन ॲडिसनच्या आजाराचे आहे. लंडनच्या गाइज रुग्णालयातील डॉ. थॉमस ॲडिसन यांनी १८५५ मध्ये या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन केले आणि त्यांनी नोंदवलेल्या रुग्णांपैकी अनेकांच्या ॲड्रिनल ग्रंथी क्षयाने पोखरलेल्या होत्या.

या आजारात ग्रंथीच नष्ट होत जाते. सुमारे ९० टक्के भाग निकामी होईपर्यंत लक्षणे फारशी उमटत नाहीत, म्हणून ती दिसू लागली तेव्हा उशीर झालेला असतो. कॉर्टिसॉल घटल्याने पीयूषिका जोरजोराने एसीटीएच हे ॲड्रिनलला संदेश देणारे संप्रेरक सोडते आणि त्याच्या आधिक्याने त्वचा काळवंडते. हाताच्या रेषा, बोटांची पेरे, जुने व्रण आणि हिरड्या या जागा आधी पाहाव्यात. अल्डोस्टेरॉन घटल्याने मीठ लघवीवाटे निघून जाते आणि शरीर मीठ मागू लागते. पाश्चात्त्य देशांत बहुतेक रुग्णांत शरीराची प्रतिकारशक्तीच ग्रंथीवर उलटलेली असते. आपल्याकडे त्याबरोबरच क्षय आणि हिस्टोप्लाझ्मा ही बुरशी यांचा विचार करावाच लागतो, आणि त्यासाठी ग्रंथींचा सीटी स्कॅन होतो.

निदान अवघड नाही. सकाळी आठचे कॉर्टिसॉल प्रति डेसिलिटर तीन मायक्रोग्रॅमच्या खाली आणि एसीटीएच वाढलेले असेल, तर प्रश्न जवळजवळ मिटतो. आकडा मधला आल्यास एसीटीएचचे इंजेक्शन देऊन ग्रंथी प्रतिसाद देते का, ते पाहतात. ‘ॲड्रिनल फटीग’चे समर्थक सांगतात की त्यांचा आजार इतका सूक्ष्म असतो की या तपासणीत तो सापडतच नाही. ज्या आजाराला कोणतीही तपासणी खोटा ठरवू शकत नाही, तो कोणालाही चिकटवता येतो.

दोन गोष्टी डॉक्टरांच्या कानावर घालाव्यात. मुलाला क्षयासाठी रिफाम्पिसिन सुरू करावे लागले, तर ते औषध शरीरातील स्टेरॉइड झपाट्याने संपवते, म्हणून स्टेरॉइडची मात्रा वाढवावी लागते. तसेच टीएसएच थोडी वाढलेली दिसली म्हणून कॉर्टिसॉलची कमतरता भरून काढण्याआधी थायरॉइडची गोळी सुरू करू नये, कारण त्याने प्रकृती अचानक ढासळू शकते.

उपचार आयुष्यभराचा असला तरी तो गोळ्यांचा आहे. अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष जॉन केनेडी यांना १९४७ मध्ये लंडनमध्ये हेच निदान झाले होते. त्यांच्या राजकीय सहकाऱ्यांनी ते पुढे लपवले, पण त्या आजारासह ते अध्यक्षपदापर्यंत पोहोचले.

प्रश्न : करोनानंतर मला दीर्घकालीन थकव्याचा आजार असल्याचे निदान झाले आहे. थोडे श्रम झाले की दुसऱ्या दिवशी पूर्ण कोसळते. कमी मात्रेचे हायड्रोकॉर्टिसोन घेऊन बरे वाटते, असे वाचले. घेऊ का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : घेऊ नये. श्रमानंतर प्रकृती कोसळणे हे या आजाराचे मुख्य लक्षण आहे, तो मनाचा खेळ नाही आणि त्याला ‘ॲड्रिनल फटीग’ म्हणण्याचीही गरज नाही. अशा रुग्णांपैकी काहींमध्ये कॉर्टिसॉल सरासरीपेक्षा किंचित कमी आढळते, म्हणूनच अमेरिकेत ७० रुग्णांवर हायड्रोकॉर्टिसोनचा रीतसर प्रयोग झाला. १९९८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार थोडी सुधारणा दिसली, परंतु औषध घेणाऱ्या अनेकांच्या निरोगी ॲड्रिनल ग्रंथींचे काम दबले गेले. म्हणून संशोधकांनी हा उपचार न करण्याचा सल्ला दिला. दिवसातील कामांचे तुकडे करणे, बरे वाटत असलेल्या दिवशी सगळी राहिलेली कामे उरकण्याचा मोह टाळणे आणि झोप, वेदना व उभे राहिल्यावर वाढणारी धडधड यांवर स्वतंत्र उपचार घेणे, हे आज अधिक हिताचे आहे.

प्रश्न : मला चार वर्षांपासून ॲडिसनचा आजार असून हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन चालू आहे. प्रकृती स्थिर आहे. यंदा आळंदीहून माउलींच्या पालखीबरोबर पंढरपूरपर्यंत चालण्याची इच्छा आहे. घरचे नको म्हणतात. एकादशीचा उपासही करायचा आहे.
— एक वाचक, सातारा

उत्तर : प्रकृती स्थिर असेल आणि आपल्या तज्ज्ञांनी तपासून संमती दिली, तर जाता येईल, मात्र तयारी करूनच. सुमारे अडीचशे किलोमीटरची, अडीच-तीन आठवड्यांची ही वाट आहे. ऊन, पाऊस, गर्दी, बदललेले पाणी आणि अनियमित झोप यांत आपल्यासाठी सर्वांत मोठा धोका जुलाब-उलट्यांचा आहे.

गोळ्या ठरल्या वेळी घ्याव्यात आणि त्यांचे दोन स्वतंत्र साठे ठेवावेत, एक स्वतःजवळच्या पिशवीत आणि दुसरा दिंडीच्या ट्रकमध्ये. दिवेघाटासारख्या चढाच्या आणि लांब टप्प्याच्या दिवशी निघण्यापूर्वी हायड्रोकॉर्टिसोनची थोडी जादा मात्रा घ्यावी का आणि किती, हे आधीच लिहून घ्यावे. घाम फार येत असेल तर मीठ आणि ओआरएस वाढवावे. ताप १००.४ अंशांच्या वर गेला तर मात्रा दुप्पट आणि १०२ च्या वर गेला तर तिप्पट करण्याची पद्धत आहे, तीही आपल्या डॉक्टरांकडून नक्की करून घ्यावी. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली तर गोळी पुन्हा घ्यावी. तीही टिकली नाही तर हायड्रोकॉर्टिसोनचे १०० मिलिग्रॅमचे इंजेक्शन मांडीत टोचून थेट जवळच्या वैद्यकीय पथकाकडे किंवा रुग्णालयात जावे. इंजेक्शनची कुपी, सुई आणि सिरिंज बरोबर ठेवावी आणि ते कसे टोचायचे हे दिंडीतील किमान दोघांना निघण्याआधी शिकवून ठेवावे. आजाराचे नाव, औषधे आणि ‘बेशुद्ध आढळल्यास हायड्रोकॉर्टिसोन १०० मिलिग्रॅम ताबडतोब द्यावे’ ही सूचना मराठी आणि इंग्रजीत लिहिलेले कार्ड गळ्यात असावे.

एकादशीला फराळाचे पदार्थ खाऊन उपास करण्यास हरकत नाही. निर्जळी करू नये आणि त्या दिवशीच्या गोळ्या, सकाळच्या पहिल्या गोळीसह, नेहमीच्या वेळेलाच घ्याव्यात.